रिकाम्या हातांचे वाङ्मय

मराठीत प्रवासवर्णनांची उणीव आहे, असे कोणी म्हणणार नाही. दिवाळी अंक उघडावा, चार कथा आणि दोन पाने कविता मागे टाकाव्यात, की कोठेतरी युरोप लागतोच. आल्प्सचे बर्फ, व्हेनिसच्या होड्या, पॅरिसचा लोखंडी मनोरा यांच्याशी आमच्या आर्वी-हिंगणघाटच्या वाचकांची ओळख आता इतकी जुनी झाली आहे की, नागपूर न पाहिलेली म्हातारी माणसेसुद्धा लंडनच्या धुक्याविषयी अधिकाराने बोलतात. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ साली, आणि पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली. पुढे मीना प्रभूंनी तर एकेका देशाला एकेक जाडजूड ग्रंथ वाहिला. आमच्या वाचनालयात ही पुस्तके मागणीअभावी धूळ खात पडली आहेत, असे कधी होत नाही.

या सगळ्या वाङ्मयात मी गेली काही वर्षे एक माणूस शोधते आहे. ते दोन फूट उंचीचे आहे, त्याला दर तीन तासांनी भूक लागते, आणि वस्तुसंग्रहालयात ते हमखास रडते. युरोपला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत ते आता सर्रास असते. त्यांच्याविषयीच्या लेखांत मात्र ते मला क्वचितच भेटते. आणि भेटले तर एका ओळीत भेटून दुसऱ्या ओळीत झोपी जाते.

माझे शिक्षण मॅट्रिकचे. शाळेत मराठी शिकवावे आणि सवडीने कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा वाङ्मयाशी संबंध. तेव्हा समीक्षेच्या परिभाषेत न शिरता माझे म्हणणे साध्या शब्दांत मांडते. आपले प्रवासवर्णन हे रिकाम्या हातांनी हिंडणाऱ्या माणसाचे वाङ्मय झाले आहे. ज्याच्या एका हातात वही आणि दुसऱ्या हातात कॅमेरा आहे, त्यालाच आपण प्रवासी समजतो. जिच्या एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात तीन वर्षांच्या पोराचे मनगट आहे, ती आपल्या लेखी प्रवासी नसून सामानाची राखणदार आहे.

गंमत अशी की, आपल्या जुन्या प्रवासाची रीत याच्या अगदी उलट होती. वऱ्हाडात आणि आमच्या वर्ध्याकडे सामान्य बाई घराबाहेर पडे ती बहुधा लेकराला घेऊन, आणि पुष्कळदा लेकरासाठीच. जावळ काढायचे म्हणून केळझरच्या गणपतीला जायचे, नवस फेडायचा म्हणून गिरडला जायचे, आणि बाळंतपणासाठी माहेरी जायचे. बैलगाडीत मध्यभागी मऊ गोधडी, गोधडीवर बाळ आणि बाळाभोवती बाकीची मंडळी, अशी त्या प्रवासाची मांडणी असे. मूल हे प्रवासाचे कारण होते. प्रवास वाङ्मयात शिरला, आणि मूल ही प्रवासातली अडचण झाली. आपल्याकडे हिरकणीची कथा प्रत्येक पोराला ठाऊक असते; पण तिथेही बाळ घरी होते म्हणून तर आई कडा उतरली! बाळ कडेवर असते, तर तिचे नाव बुरुजाला लाभले असते की नाही, कोण जाणे.

आमच्या गावची एक लेक दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंड आणि पॅरिस पाहून आली. बरोबर तीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. परतल्यावर नवऱ्याने कचेरीच्या वार्षिक अंकात लेख लिहिला. लेख चांगला आहे. त्यात आल्प्स आहे, आयफेल टॉवर आहे, नेपोलियनही आहे. मुलांविषयी त्यात दोन वाक्ये आहेत. एकात ती ‘आनंदाने हुंदडली’ आणि दुसऱ्यात ‘दमून झोपली’.

पुढे त्याच लेकीने आमच्या स्वयंपाकघरात बसून तोच प्रवास मला सांगितला. त्याला दोन तास लागले. आठ महिन्यांच्या पोरीचा पासपोर्टसाठी फोटो काढताना तिने डोळे उघडे ठेवावेत म्हणून घरातल्या चौघांनी केलेले खटाटोप. ज्या बाळाच्या बोटांचे ठसेसुद्धा व्हिसासाठी घेत नाहीत आणि ज्याचे शुल्कही पडत नाही, त्याचा स्वतंत्र अर्ज. विमानात समोरच्या भिंतीला अडकवलेला टीचभर पाळणा, आणि विमान हिंदकळू लागताच त्यातून झोपलेले मूल उचलून घ्यावे लागणे. परक्या हॉटेलात खिमटीसाठी गरम पाणी मागताना झालेली शब्दांची ओढाताण. पॅरिसच्या मेट्रोत पायऱ्याच पायऱ्या, लिफ्ट कोठेच दिसेना. तेव्हा एक वयस्क गृहस्थ काही न बोलता पुढे आला, त्याने बाबागाडीचे दुसरे टोक उचलले, वर आल्यावर टोपीला हात लावला आणि निघून गेला. “आत्याबाई,” ती म्हणाली, “पॅरिस म्हटले की मला तोच म्हातारा आठवतो. टॉवर फोटोत आहे.”

दोघेही एकाच प्रवासाला गेली होती. छापला गेला त्यातला एकच प्रवास, आणि मला विचाराल तर जो छापायला हवा होता, तो स्वयंपाकघरातच राहिला.

यावर रसिकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. वाङ्मय म्हणजे निवड, असे ते म्हणतील. लंगोट, बाटल्या आणि रडारड यांचे वर्णन वाचायला वाचक दिवाळी अंक घेत नाही. प्रवासाला गेलेल्या माणसाने आपल्याला न दिसणारे दाखवावे, घरोघरी असलेले नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याच कसोटीला लावून पाहा. युरोपातले कोणते दृश्य आज आपल्याला न दिसणारे राहिले आहे? आल्प्सची चित्रे आमच्या न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही असतात. न दिसणारे जर काही उरले असेल, तर ते परक्या देशातली माणसे आपल्याशी कशी वागतात हे. आणि ती माणसे मदतीची गरज नसलेल्या पाहुण्याला दिसतच नाहीत. धडधाकट प्रवाशाला तिकीटवाला, वाढपी आणि वाटाड्या एवढेच भेटतात. बाबागाडी घेऊन पायऱ्यांपाशी अडलेल्या बाईला तो देश भेटतो.

शहराची परीक्षाही बाबागाडीच घेते. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत, हे प्रत्येक प्रवासवर्णन सांगते. त्यांतल्या बहुतेकांना चढायला आणि उतरायला पायऱ्या आहेत, हे मूल उचलून नेणाऱ्या आईलाच खरे कळते. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली, हे आपण कौतुकाने लिहितो; त्या काळी जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाच्या हाती मूल असेल, हा विचार बांधणाऱ्यांनी फारसा केला नव्हता, हे मात्र लिहीत नाही. उलट व्हिएन्ना-झुरिककडच्या नव्या ट्रामगाड्यांची दारे रस्त्याच्या पातळीला येतात आणि बाबागाडी सरळ आत जाते. हा एवढासा फरक, पण त्यात एका समाजाने आपल्या लेकुरवाळ्यांविषयी किती विचार केला, हे दिसते. युंगफ्राऊयोखला आगगाडीने ३,४५४ मीटर उंचीवर जाता येते. लेखक तिथल्या बर्फात हरवतो, आणि इतक्या उंचीवर तान्ह्याला एकदम नेऊ नये, हा डॉक्टरांचा सल्ला मानून बाळासह खाली थांबलेली आई दिवसभर डोंगरपायथ्याचे गाव पाहते. बर्फाचे वर्णन आपण शंभर वेळा वाचले. त्या गावातली दुकाने, शाळेतून परतणारी मुले, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाया यांचे वर्णन मी अजून वाचलेले नाही.

इथे ‘अपूर्वाई’विषयी थोडे बोलले पाहिजे, कारण मराठी घरांत युरोपचे दार त्या पुस्तकाने उघडले. तिची गोडी कशात आहे? माझ्या मते, तीत मूल आहे म्हणूनच ती गोड आहे. ते मूल म्हणजे खुद्द लेखक. तोच हरखतो, तोच गोंधळतो, खाण्याच्या आठवणीने तोच व्याकुळ होतो, आणि तोच वेळापत्रकाला कंटाळतो. बरोबरच्या सुनीताबाई कारभार सांभाळणाऱ्या. पुढे १९९० साली सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ आले, आणि व्यवहाराची सारी ओझी त्या घरात कोणी वाहिली, हे वाचकांना त्यांच्या बाजूने कळले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. म्हणजे लक्षात येते की, एकाला मूल होऊन जग पाहता येते, तेव्हा दुसरे कोणीतरी तिकिटे आणि किल्ल्या सांभाळत असते. यात पु. लं.चे श्रेय उणे होत नाही. मुलाची नजर प्रवासवर्णनाला किती उपकारक आहे, हे त्यांनीच सिद्ध केले. दुर्दैव त्यांच्या अनुकरणकर्त्यांचे. त्यांनी हरखणे उचलले, आणि घरातले खरे मूल बाजूला सारले. कारण एका प्रवासात दोन लहान मुले मावत नाहीत.

आता थोडे मागे जाऊ. मराठी बाईने लिहिलेल्या युरोपच्या प्रवासाची सुरुवात शोधू लागलो, तर आपण पंडिता रमाबाईंपाशी येऊन थांबतो. १८८३ साली त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या आणि त्याच वर्षी त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप पुस्तक निघाले. पती आदल्या वर्षी पटकीने गेलेले. वय पंचविशीचे. जवळ ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून आलेले थोडे पैसे. आणि बरोबर मनोरमा ही लेक, १८८१ च्या एप्रिलमध्ये जन्मलेली. म्हणजे बोटीवर चढताना जेमतेम दोन वर्षांची. मुलीला कोणाकडे तरी ठेवून जाणे सोपे होते. त्यांनी तिला बरोबर नेले.

ते त्यांना अवघड वाटले नसावे, याचे एक कारण मला त्यांच्या जन्मकथेत दिसते. रमाबाई स्वतः सहा महिन्यांच्या असताना त्यांच्या आईवडिलांनी गंगामूळचे घर सोडले आणि तीर्थयात्रा धरली. डोंगरातून खाली येताना त्या तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घालून माणसाच्या डोक्यावरून आणले, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. जिचा पहिला प्रवास वेताच्या पेटीतून झाला, तिला दोन वर्षांच्या मुलीसह समुद्र ओलांडणे अशक्य वाटले नाही. आजच्या विमानातल्या भिंतीवरच्या पाळण्याकडे पाहताना मला ती पेटी आठवते.

परंतु पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. कारण या विषयात केवळ कौतुकाने भागत नाही. वाँटेजच्या मठात मायलेकी राहिल्या, तिथेच सप्टेंबर १८८३ मध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई संस्कृत शिकवू लागल्या. त्यांची आणि मठातल्या सिस्टर्सची पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाली. ती वाचताना दिसते की, वादांच्या मुळाशी वारंवार ती लहान मुलगी आहे. तिला धर्माचे काय शिकवावे, तिला वाढवण्याचा अधिकार कोणाचा, आपल्या देशाशी तिचा धागा कसा टिकावा, हे प्रश्न त्या आईने परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला असताना, न भिता विचारले. स्वतः शाकाहार सोडला नाही, याचाही तिथे दोष निघाला. मूल बरोबर होते म्हणून इंग्लंडचे खरे रूप त्यांना असे अंगावर झेलावे लागले. एकट्या विद्वान बाईचा इंग्लंडने नुसता सत्कार केला असता.

१८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. मात्र त्याच वर्षी तिला इंग्लंडला परत धाडावे लागले. आई अमेरिका हिंडली, व्याख्याने दिली, विधवांच्या शाळेसाठी निधी जमवला. आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ आपल्याला मिळाला. तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, घरे, स्त्रियांची स्थिती यांचे इतके बारकाईचे निरीक्षण मराठीत त्याआधी झाले नव्हते. ग्रंथ मोठा आहे आणि त्याचे मोठेपण मला मान्य आहे. पण तो वाचताना मला पाच वर्षांची मनोरमा दिसते. तो मोकळ्या हातांनी लिहिला गेला, आणि हात मोकळे होण्याची किंमत त्या मुलीने वाँटेजमध्ये बसून दिली. या किमतीचा हिशेब आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात कोठे मांडलेला मी पाहिला नाही.

दुसरे उदाहरण बंगालचे, पण त्याला महाराष्ट्राची माती लागलेली आहे. सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात अधिकारी होते; त्यांचा मुलगा सुरेंद्रनाथ पुण्यात जन्मला. १८७७ साली त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी तीन लहान मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. घरचा पुरुष बरोबर नाही, थोरला मुलगा पाच वर्षांचा, आणि चौथे मूल पोटात. ते चौथे बाळ इंग्लंडातच गेले आणि तिघांतला धाकटाही तिथेच दगावला. पुढल्या वर्षी सत्येंद्रनाथ आले ते आपल्या धाकट्या भावाला, सतरा वर्षांच्या रवींद्रनाथाला घेऊन. ब्रायटनच्या घरात हा काका पुतण्या-पुतणीबरोबर खेळला. त्या मुक्कामातल्या त्याच्या पत्रांचे पुस्तक १८८१ साली निघाले आणि बंगाली प्रवासवाङ्मयात त्याला मानाचे स्थान मिळाले. वहिनीने जे सोसले आणि पाहिले, ते उतारवयात तिच्या लेकीने आठवणी लिहून घेतल्या तेव्हा कागदावर आले. आमच्या स्वयंपाकघरातला प्रकार टागोरांच्या घरातही घडला होता तर!

म्हणून काय, आता प्रत्येक आईने युरोपला जाऊन पुस्तक लिहावे? मुळीच नाही. लेकुरवाळ्या प्रवासाचे वाङ्मय झाले, तरी त्याच्या वाटेत दोन खड्डे आहेत. एक लाडिकपणाचा. ‘आमच्या सोनुल्याने आल्प्सला टाटा केला’ या थाटाचे लेखन करण्यापेक्षा मुलाला दोन ओळींत झोपवणारा बाप बरा. दुसरा खड्डा सल्ल्यांचा. दूध किती न्यावे, लंगोट किती न्यावे, याची यादी उपयोगी खरी; पण ती फडताळाच्या दारावर चिकटवावी, दिवाळी अंकात छापू नये. आणि तिसरी एक सवय आहे, ती आमच्या विनोदी लेखकांची. बायको, पोर आणि फुटलेली बॅग यांना हसण्याचा विषय करून ते सुटतात. प्रवासातला गोंधळ हसण्याजोगा असतो खरा. पण जिला तो आवरावा लागतो, तिच्या बाजूने हसलेला विनोद मला अजून सापडायचा आहे.

चांगले लेखन कसे असेल, हे मी कादंबरीकार या नात्याने थोडे सांगू शकते. कादंबरीत पात्राला अडथळा लागतो तेव्हाच ते पात्र उघडते. प्रवासवर्णनाचेही तसेच आहे. मूल प्रवाशाला थांबवते. दिवसाला पाच स्थळे पाहणाऱ्याला ते एकाच बागेत तीन तास बसवते. आणि तीन तास एका बागेत बसलेल्या माणसाला जे दिसते, ते पाच स्थळे पाहणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. मूल नजर खाली आणते. कबुतर, कारंज्याची तोटी, रस्त्यावरचे दगड, परक्या मुलाच्या हातातला चेंडू या त्याच्या प्रेक्षणीय गोष्टी. आणि मूल परक्याशी बोलायला लावते, कारण त्याला भाषेची अडचण नसते. संथपणा, जवळची नजर, माणसांशी गाठ: प्रवासवर्णनाच्या समीक्षकांनी आजवर जे गुण मागितले, ते सगळे ज्या प्रवासात आपोआप येतात, तोच प्रवास आपण लिहिण्याजोगा नाही म्हणून बाजूला टाकला.

मुलाला मोठेपणी त्यातले काही आठवणार नाही, मग एवढा खर्च कशाला, असे वडीलधारी माणसे म्हणतात. मुलाला आठवणार नाही, हे खरे आहे. म्हणूनच कोणीतरी ते लिहून ठेवले पाहिजे. सहा महिन्यांच्या रमाबाईंनाही ती वेताची पेटी आठवत नसणार. घरात कोणी सांगितले, म्हणून त्यांना कळले आणि आपल्यापर्यंत पोहोचले.

माझ्या शाळेत दर वर्षी सुटीनंतर ‘माझा प्रवास’ हा निबंध मी घालते. मुले स्थळांची नावे पाठ करून लिहितात. त्यांना मी सांगते, कोण रडले, कोणी उचलले आणि कोणी पाणी दिले, तेही लिहा. लेख मागवताना हीच सूचना संपादकांनी केली, आणि लेख मागणारे पत्र नवऱ्याबरोबर बायकोच्याही नावाने धाडले, तर पुढच्या दिवाळीत युरोपचे एखादे पान आपल्याला नवे वाचायला मिळेल.